दाताचे ‘नॅनो’ सिमेंट आणि निळा दिवा

किडलेल्या दातात पूर्वी ‘चांदी’ भरत. आता दाताच्या रंगाचे मऊ मिश्रण भरतात व निळ्या प्रकाशाने ते कडक करतात. माझ्याकडे तापासाठी आलेले रुग्णही ‘लेसरने दात भरला’ असे कौतुकाने सांगतात. तो बहुधा लेसर नसतो, निळा दिवा असतो. मिश्रणातले कॅम्फरक्विनोन हे पिवळे द्रव्य साधारण ४७० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश शोषते आणि रेणूंच्या साखळ्या गुंफल्या जाऊ लागतात.

हा प्रकाश खोल जात नाही, हीच अडचण. म्हणून नेहमीचे मिश्रण सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर वेगळा पक्का करावा लागतो. घाई केली तर वरून दगड, आतून कच्चे! मग फटीतून पुन्हा कीड शिरते.

संशोधकांनी यावर सुरेख युक्ती शोधली आहे. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जास्त खोल जातात, पण साखळी सुरू करण्याइतकी शक्ती त्यांच्यात नसते. म्हणून मिश्रणात यटर्बियम व थुलियम असलेले अतिसूक्ष्म कण घालतात. यटर्बियम ९८० नॅनोमीटरचे किरण शोषून ती शक्ती थुलियमला देते. असे काही हप्ते जमले, की थुलियम निळा प्रकाश टाकते. म्हणजे दिवा आतच लागतो! किरण जेथे एकवटतील तेथेच पदार्थ घट्ट होत असल्याने आतल्या आत हवा तो आकारही घडवता येतो. मात्र दिलेल्या प्रकाशापैकी फार थोडा निळा होतो, त्यामुळे लेसर जोरदार लागतो. त्याची उष्णता दाताच्या नसेला सोसेल का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

वाचकहो, दवाखान्यात ‘नॅनो’ म्हणून मिळते ते हे नव्हे. त्यात सिलिकासारखे बारीक कण असतात. ते चकाकीसाठी व बळकटीसाठी उपयोगी, पण प्रकाश बदलत नाहीत. त्या शब्दापायी जादा पैसे मोजण्यापेक्षा थरावर थर देण्यासाठी दंतवैद्याला अर्धा तास द्यावा. ‘डॉक्टर, लवकर आटपा, एस.टी. चुकेल’ असे म्हणू नये. दिवा चालू असताना त्याकडे पाहू नये. डोळ्याच्या पडद्याला तो बरा नाही. नारिंगी काच त्यासाठीच असते. सोबत आलेल्या मुलांना मात्र आईच्या तोंडात डोकावायची भारी हौस. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवावे.