उन्हाळी प्रयोगशाळेचे आठ आठवडे : संधी मोठी, दार अरुंद

बेंगळुरू : मे महिना उजाडला की दक्षिण बेंगळुरूतील जे. पी. नगरच्या पेइंग गेस्ट निवासांत संगणक अभियंत्यांच्या शेजारी जीवशास्त्राचे पदवी विद्यार्थीही येऊन राहतात. देशातील नामांकित जीवशास्त्रीय संस्था मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत. बेल्लारी रस्त्यावरील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र किंवा जक्कूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र येथून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेने मॅजेस्टिक आणि तेथून बसने हेब्बाळ, असा प्रवास करून विद्यार्थी सकाळी प्रयोगशाळा गाठतात.

या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग मोजकेच आहेत. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्ली व प्रयागराज येथील दोन राष्ट्रीय अकादम्यांच्या सहकार्याने, दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. जक्कूरच्या केंद्राने तर पदवीच्या विद्यार्थ्यांना सलग तीन उन्हाळे प्रयोगशाळेत काम देणारा जीवशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम राबवला आहे.

आठ आठवड्यांत नेमके काय हाती लागते? फळमाशीचे उदाहरण बोलके आहे. 25 अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ माशी तयार होण्यास सुमारे दहा दिवस लागतात. तीन पिढ्यांचा संकर करायचा तर महिना सहज सरतो. पहिलाच संकर चुकला किंवा कुपीत बुरशी धरली, तर निम्मा उन्हाळा वाया जातो. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकाचे उत्तर आधीच ठाऊक असते. येथे ते मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. म्हणूनच अनेक विद्यार्थी निष्कर्षाविना परततात आणि स्वतःला अपयशी समजतात. वास्तविक नियंत्रण नमुना का ठेवावा, न जुळलेली नोंदही वहीत का लिहावी, हे उमजणे हीच या काळाची खरी कमाई असते.

ही कमाई कोणाच्या वाट्याला येते, हा कळीचा मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ उच्च शिक्षण शिष्यवृत्तीच्या वार्षिक 80 हजार रुपयांपैकी 20 हजार रुपये उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. परंतु त्यासाठी बारावीत अव्वल एक टक्क्यात किंवा राष्ट्रीय प्रवेश परीक्षांत वरच्या क्रमांकावर असावे लागते. अभिरुची चाचणीतून निवड करणारी, 1999 मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना 2022 मध्ये ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. ज्यांना कोणतीही शिष्यवृत्ती नाही, त्यांना खोलीभाडे, जेवण आणि प्रवास यांचा भार स्वतःच उचलावा लागतो. लातूर किंवा गडचिरोलीतील विद्यार्थ्याला प्रयोगशाळेने होकार दिला, तरी घरच्यांना दोन महिन्यांचा खर्च पेलेलच असे नाही. शिवाय विद्यापीठाची परीक्षा मेअखेरपर्यंत लांबली की मिळालेली जागाही हातची जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात इंटर्नशिपला श्रेयांक आहेत आणि पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्यांसाठी चौथ्या वर्षी संशोधनाची वाट आहे. महाराष्ट्राने हा आराखडा स्वीकारला; कर्नाटकाने मात्र 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीचा मार्ग धरला. धोरणाने मागणी वाढवली, पण मोठ्या संस्थांतील बाके आणि मार्गदर्शकांचा वेळ त्या प्रमाणात वाढणे शक्य नाही. अशा स्थितीत संशोधनाच्या नावाखाली केवळ प्रमाणपत्रे गोळा होण्याचा धोका संभवतो.

उपाय महाविद्यालयांतच शोधावा लागेल. जैवतंत्रज्ञान विभागाची 2008 पासूनची ‘स्टार कॉलेज’ योजना पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना बळ देते. फळमाशीच्या कुपीला, परिसरातील तळ्याच्या पाण्याला किंवा शेतातील मातीला महानगर लागत नाही. लागतो तो वेळ असलेला शिक्षक आणि सुट्टीतही उघडी राहणारी प्रयोगशाळा. त्याचबरोबर विद्यावेतन महिन्याच्या आरंभीच देणे, वसतिगृहाची सोय करणे आणि श्रेयांक देताना निष्कर्षापेक्षा नोंदवहीला महत्त्व देणे, या सुधारणा फारशा खर्चिक नाहीत. त्या झाल्या नाहीत, तर उद्याचे जीवशास्त्रज्ञ कोण होणार हे जिज्ञासेपेक्षा खोलीभाडे परवडण्यावरच ठरत राहील.