जुन्या गाडीतला टर्बो आणि आपले सल्लागार

नाशिकच्या भाचीने जुनी डिझेल गाडी बघायला सुरुवात केली आणि आमच्या गोतावळ्यात एकच गलका झाला. "टर्बोवाली नको गं बाई! लाखाच्या पुढे गेली की टर्बो बसलाच म्हणून समज." सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी टर्बो डोळ्यांनी पाहिलाय, देव जाणे. आता तिला सात वर्षांच्या कर्जावर नवी गाडी घ्यायला लावताहेत. हप्ते सल्लागार भरणार आहेत का? म्हणून हा लेखनप्रपंच.

मंडळी, टर्बो म्हणजे भूत नव्हे. इंजिनाचा जो धूर एरवी वाया जातो, त्याच्या जोराने एक छोटे चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक जास्तीची हवा इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते. माझी २०१२ची डिझेल स्विफ्ट अवघी १२४८ सीसीची, पण चार माणसे आणि सामान घेऊन पसरणीचा घाट कुरकुर न करता चढते. दोन हजार फेऱ्यांच्या खाली मात्र ढिम्म असते, वळणावर गिअर उतरवावाच लागतो. पण हा स्वभाव झाला, आजार नव्हे.

आता टिकाऊपणाचे. तो दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तरंगत असतो ऑइलच्या पातळ थरावर. ते ऑइलच आमचे लोक "अजून चालेल की" म्हणत दोन-दोन वर्षे बदलत नाहीत! वर घाट चढून टपरीसमोर गाडी लावली की खटकन किल्ली फिरवतात. पंप थांबतो, टर्बो तापलेलाच, आत राहिलेले ऑइल करपते. दूध भांड्याला लागते ना, तसे. चहा सांगेपर्यंत मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवले तर काय बिघडते? मग टर्बो गेला की दोष टर्बोला. अहो, महामार्गावरचे मालट्रक टर्बोवरच कित्येक लाख किलोमीटर धावतात.

मी माझी गाडी २०१८ साली ७६ हजारांवर घेतली. आता दीड लाख होत आले, टर्बो मूळचाच आहे. घेताना आकड्याकडे मी फारसे पाहिले नाही, आकडा मागे फिरवणारे महाभाग असतात. पाहिली ती ऑइल बदलल्याची बिले. गाडी गार असताना सुरू करायला लावली, निळा धूर येतो का ते बघितले आणि चढावर पळवून शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकले.

भाचीने पाहिलेल्या गाडीची बिले तिने मला पाठवली आहेत. सगळी नीट आहेत, फक्त २०२१ सालचे एकही नाही. टाळेबंदीत गाडी उभी होती असे मालक म्हणतात. खरेही असेल. पण आधीच्या आणि नंतरच्या बिलावरचे किलोमीटर जुळवून बघ, आणि मगच पैशांचे बोल, असे तिला कळवले आहे.