आमच्या तुकडीची तारीख पावसाला विचारून ठरवा

मा. संचालक आणि प्रशिक्षण विभागप्रमुख यांस,


मी तुमच्या पर्यावरण विभागाची प्रशिक्षणार्थी. मुक्काम सेनेगल, थिएस शहराजवळचं एक गाव. संस्थेचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही, कारण झाडं-माती-पाण्याच्या कामासाठी परदेशी माणसं धाडणाऱ्या कुणालाही हे पत्र लागू पडेल. म्हणणं एवढंच आहे की आम्हाला इथे कधी आणायचं हे विमानाची तिकिटं आणि आर्थिक वर्ष ठरवतं. ते इथल्या पावसाने ठरवायला हवं.

तक्रार करण्याआधी जे चांगलं आहे ते सांगते. सकाळी कडुनिंबाखाली इथल्या वोलोफ भाषेचा वर्ग भरतो. आम्ही चार-पाच जण, एक फळा आणि आमच्या उच्चारांवर हसू दाबणारे गुरुजी. दुपारी यजमानांच्या घरी मोठ्या परातीत मासे-भात येतो. सगळ्यांनी परातीभोवती बसायचं, आपल्या समोरचंच खायचं. मासा आणि भाज्या मधोमध असतात; घरची आई त्यातला एकेक तुकडा मोडून माझ्यापुढे सरकवत राहते. उजव्या हाताने जेवायला मला शिकवावं लागलं नाही, एवढ्यावरच घरात माझी पत वाढली. रात्री मच्छरदाणीत शिरण्याआधी मलेरियाची गोळी आणि दिवसभराच्या शब्दांची उजळणी. भाषा आणि घर या दोन बाबतींत तुम्ही काही कमी ठेवलेलं नाही. एक काळ असा होता की ही सगळी तयारी मायदेशीच उरकायची. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, सत्तरीला टेकलेल्या असताना पीस कोअर या अमेरिकी संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीला गोदरेज वसाहतीत आल्या. त्यांचं प्रशिक्षण शिकागोला झालं होतं. पुढे अशा संस्थांनी प्रशिक्षणच यजमान देशात नेलं. म्हणजे जागा बदलता आली. वेळ का बदलू नये?

इथे पाऊस साधारण जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये आटोपतो. बाकी वर्ष कोरडं ठक्क. मी साताऱ्याच्या पूर्व भागातली, खटावची. मला हे हवामान ओळखीचं आहे. जुलैत शेतात लावायचं रोप मार्च-एप्रिलमध्ये पिशवीत असावं लागतं. माती, वाळू आणि शेणखत चाळून पिशव्या भरायच्या, बाभूळवर्गातल्या झाडांच्या टणक बिया उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर भिजवायच्या, पिशव्या मधूनमधून हलवायच्या म्हणजे मुळं खालच्या जमिनीत शिरत नाहीत, आणि लावणीआधी पाणी तोडत आणून रोप काटक करायचं. ही कामं आमच्या पुस्तिकेत आहेत, क्रमवार आणि चित्रांसकट. पण आमची तुकडी उतरली सप्टेंबरात. तेव्हा रोपवाटिकेतली रोपं शेतात गेलेली होती आणि वाफे रिकामे पडले होते. आम्ही सरावासाठी पिशव्या भरल्या, ओळीत मांडल्या, फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी ती माती परत ढिगावर ओतली.

केंद्राच्या आवारात एक कोपरा आहे. मागच्या तुकडीने प्रशिक्षणाअखेरच्या शपथविधीच्या दिवशी, म्हणजे डिसेंबरात, तिथे झाडं लावली. आता त्या काटक्या उरल्यात, प्रत्येकीशेजारी नावाची पाटी. पाट्यांवरचा रंग शाबूत आहे. आमच्या शपथविधीच्या कार्यक्रमपत्रिकेतही ‘वृक्षारोपण’ छापलेलं मी पाहिलं. कृपा करून ते तेवढं खोडा. गावातले लोक पाहुणे म्हणून येतात, टाळ्या वाजवतात, आणि डिसेंबरात रोप लावणाऱ्यांकडून आपण शेतीतलं काय शिकायचं, असं मनात म्हणत घरी जात असणार. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

भुईमुगाच्या आणि बाजरीच्या या पट्ट्यात शेतांमधून एक काटेरी झाड उभं असतं. वोलोफमध्ये त्याला काड म्हणतात. शास्त्रीय नाव फायदरबिया अल्बिडा. त्याची रीत उलटी. पावसात सगळं रान हिरवं होतं तेव्हा हे पानं टाकतं, त्यामुळे खालच्या बाजरीला ऊन मिळतं. कोरड्या दिवसांत हे हिरवं होतं. गुरं त्याच्या सावलीला येऊन बसतात, शेंगा खातात आणि शेणखत तिथेच पडतं. इथल्या सेरेर समाजाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ही झाडं शेतात राखत आलेत. आम्ही आलो तेव्हा डोलत्या बाजरीत ही झाडं निष्पर्ण उभी होती. आमच्यातल्या एकाने शेतकऱ्याला विचारलं, ‘ही वठलेली झाडं तोडत का नाही?’ शेतकरी काही बोलला नाही, त्याने फक्त भाषेच्या गुरुजींकडे पाहिलं. स्लाइडवर हे झाड एका ओळीत संपतं. मार्चमध्ये हिरवं आणि ऑगस्टमध्ये उघडं, असं दोन्ही पाहिल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. ज्या झाडावर या भागाची शेती उभी आहे, त्याचं निम्मं वर्षच आम्हाला प्रशिक्षणात दिसतं.

सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलाच एक दाखला तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत असेल. ऑस्ट्रेलियाचे टोनी रिनाउडो नायजरमध्ये मराडी भागात काही वर्षं रोपं लावत राहिले आणि त्यातली बहुतेक मेली. १९८३ साली त्यांच्या ध्यानात आलं की शेतात झुडपं वाटतात ते तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत. त्यांचे निवडक धुमारे राखले की झाड परत उभं राहतं. पुढे याच रीतीने नायजरमध्ये लाखो हेक्टरांवर झाडं आली. रिनाउडोंना ते दिसलं कारण ते तिथे वर्षानुवर्षं राहिले होते. आमच्या हातात सेवेची दोनच वर्षं आहेत, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत त्यातलं बरंच सरलेलं असतं.

पावसाच्या तारखेनुसार काम आखल्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे: पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा तिथे २०१६ ते २०१९ या काळात झाली. त्यात गावकऱ्यांचं प्रशिक्षण आधी उरकायचं आणि उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस दिवसांत श्रमदान, म्हणजे चर खोदून तयार असताना पाऊस यावा. स्पर्धेवर टीका करणारे पुष्कळ होते; मीही काही मुद्द्यांवर त्यांच्या बाजूची आहे. पण ढगांनी आपल्या सवडीने यावं असं तिथे कुणी धरलं नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं नाही. विद्यापीठांच्या परीक्षा मे-जूनमध्ये संपतात, म्हणून मुलं उन्हाळ्यानंतरच मिळतात. पावसात रस्ते खचतात, मलेरिया वाढतो, विमा कंपनी कुरकुरते. शिवाय ऐन पेरणीत शेतकऱ्याला आमच्याशी बोलायला फुरसत नसते, असं तुमचे अधिकारी म्हणतात. शेवटचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. पेरणीच्या दिवसांत बोलायला फुरसत नसते हे खरं. खुरपायला मात्र जादा हात हवे असतात, आणि खुरपताना माणूस जे सांगतो ते वर्गात कुणी सांगत नाही. मलेरियाचं म्हणाल तर पुढचे दोन पावसाळे आम्हाला गावातच काढायचे आहेत.  परीक्षांचा मुद्दा खरा आहे. त्यासाठी निवड आदल्या वर्षी करून ठेवावी लागेल, आणि काही उमेदवार गळतील.

तेव्हा माझी मागणी अशी. पर्यावरणाची तुकडी फेब्रुवारीच्या अखेरीस आणा. भाषा आता शिकवता तशीच शिकवा. पिशव्या आम्हीच भरू, आणि शपथविधीनंतर आपापल्या गावी जाताना तीच रोपं बरोबर नेऊ. उमराण आणि गोला ही आपल्याकडची बोरं कलमांच्या रूपाने साहेलमध्ये पोचली आहेत. त्या कलमांसाठीचे खुंटही आम्हीच वाढवू. जुलैत लावणी होईल. नंतर सप्टेंबरात आठवडाभर केंद्रात परत बोलवा आणि किती लावली हे न विचारता किती जगली ते विचारा. सध्याच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात हा रकानाच नाही.

हे सगळं एकदम होणार नसेल तर निदान पुढच्या तुकडीच्या तारखा ठरवण्याआधी केंद्राची रोपवाटिका सांभाळणाऱ्या काकांना बैठकीला बोलवा. ते तुमच्याच पगारपत्रकावर आहेत, कार्यालयाच्या मागच्या दाराशी बसतात आणि त्यांचं फ्रेंच आमच्या प्रशिक्षकांपेक्षा चांगलं आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
पर्यावरण विभागाची एक प्रशिक्षणार्थी