ओझे आणि तोल

दहावीचे वर्ष सुरू झाले की आपल्याकडे घरातल्या काही वस्तू माळ्यावर जातात. कॅरम जातो, बॅट जाते, कुणाची पेटी जाते. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझ्या बहिणीच्या घरी एक मोठे खोके माळ्यावर गेले. त्यात प्लॅस्टिकच्या विटा होत्या. आठ-नऊ वाढदिवसांत जमलेल्या, थोड्या लेगोच्या, थोड्या तशाच इतर कंपन्यांच्या. आणि त्यात भाच्याने अर्धवट बांधलेली एक क्रेन होती. "परीक्षा झाली की काढू," ताई म्हणाली. भाचा काही बोलला नाही. मामा या नात्याने मी बोललो, पण "तुझं काय जातंय बोलायला!" या वाक्यापुढे माझे काही चालले नाही. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही, ते आज सांगावेसे वाटते.

विटा जोडून क्रेन करणे हा पोरखेळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ती एकदा करून पाहावी. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे नव्हे. रस्त्यावर उभी असलेली खरी क्रेन पाहून, तिच्यासारखी. आमच्या घराजवळ पुलाचे काम चालू होते. तेथे आलेली शंभर टनी, पाच आसांची क्रेन भाच्याला करायची होती. पहिलाच प्रश्न आला तो प्रमाणाचा. कागदावर आपण हवे ते प्रमाण धरतो. विटांमध्ये ते धरता येत नाही, कारण चाके मिळतात तेवढ्याच मापांची. म्हणून जाणकार आधी चाक निवडतात आणि चाकावरून प्रमाण काढतात. अशा क्रेनचा टायर साधारण एक मीटर सदतीस सेंटिमीटर व्यासाचा असतो. भाच्याकडे एकसारखी दहा चाके होती ती जेमतेम सव्वासहा सेंटिमीटरची. भागाकार केला, प्रमाण ठरले एकास बावीस.

आता खऱ्या क्रेनची पावणेतीन मीटर रुंदी झाली साडेबारा सेंटिमीटर. विटांच्या माथ्यावर जे गोल उंचवटे असतात, ज्यांना मुले 'बटणे' म्हणतात, त्यांतले अंतर असते आठ मिलिमीटर. म्हणजे रुंदी भरली साडेपंधरा बटणांहून किंचित जास्त, आणि अर्धे बटण तर नसते! सोळा घ्यावी की पंधरा? सोळा हे मापाला जवळचे. पण सोळाच्या मधोमध दोन बटणांमधली फट येते, तर पंधराच्या मधोमध एक भोक. भोकांच्या पट्ट्या बहुतेक विषम मापांच्या असतात, आणि गाडीच्या मध्यातून जाणारा दांडा त्या मधल्या भोकातूनच सरळ जातो. भाच्याने पंधरा घेतली. अर्धा सेंटिमीटर अचूकपणा सोडला आणि सरळ मध्यरेषा मिळवली. काय राखायचे आणि कशावर पाणी सोडायचे, हा निर्णय पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने, कारण देऊन घेतला. शाळेच्या किती तासांत त्याला अशी संधी मिळाली असेल?

मग आल्या मोटारी. क्रेनला चार कामे करायची असतात : वरचा भाग गोल फिरवायचा, बूम वर-खाली करायची, ती लांबवायची-आखडायची आणि हूक ओढायचा. खेळण्यातली छोटी मोटार मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेते. त्या वेगाने बूम उचलली तर क्रेन नव्हे, गोफण होईल. म्हणून गिअर. स्क्रूसारख्या वर्म गिअरच्या एका फेऱ्यात चोवीस दातांचे चाक फक्त एक दाता सरकते. तीनशे फेऱ्यांचे साडेबारा होतात. पुढे आठ दातांच्या चाकाने चोवीस दातांचे चाक फिरवले की चारच उरतात. वेग गेला आणि जोर आला. वर्म गिअरची आणखी एक खुबी अशी की मोटार चाकाला फिरवते, पण चाक उलट मोटारीला फिरवू शकत नाही. वीज गेली तरी बूम आहे तेथेच थांबते. हे वाचून समजते. पण साधे गिअर लावून बूम धाडकन टेबलावर आपटल्यावर जितके समजते, तितके नाही.

बॅटरीचा डबा आधी खाली, गाडीत ठेवला होता. वरचा भाग दोनदा गोल फिरला आणि तारांना पीळ पडून एक तार तुटली. तेव्हा डबा वर गेला, बूमच्या मागच्या टोकाला. तारेचा पीळ तर सुटलाच. शिवाय सहा सेलच्या वजनाने आपोआप काउंटरवेट मिळाले. अडचणीतून सोय निघते ती अशी.

क्रेन एवढ्यावर आली असताना खोके माळ्यावर गेले होते. दिवाळीच्या सुटीत ते चार दिवसांच्या करारावर खाली आले. पहिल्याच दिवशी भाच्याने स्वयंपाकघरातून चहाचा पाव किलोचा पुडा आणला. बूम पूर्ण लांबवली, हुकाला पुडा लावला आणि बटण दाबले. पुडा जागचा हलला नाही. क्रेनच मागून अलगद उचलली गेली आणि तोंडावर पडली.

माझ्या मते त्या क्रेनचा खरा उपयोग येथून सुरू झाला.

भाचा दोन दिवस वजने आणि पट्टी घेऊन बसला. क्रेनचे बाजूला पसरणारे पाय, आउटरिगर, जेथे टेकतात ती कड म्हणजे उलटण्याची कड. वजन गुणिले त्या कडेपासूनचे अंतर, हा हिशेब त्याला पुस्तकातून माहीत होता. बूम आखडून पंचवीस सेंटिमीटरवर क्रेनने पाचशे ग्रॅम उचलले. म्हणजे अंतर दुप्पट केले, पन्नास सेंटिमीटर, तर वजन निम्मे, अडीचशे, पेलले पाहिजे. गणित बिनचूक होते. पण क्रेन दोनशेलाच डुलू लागली. हिशेब तीनदा तपासला. चूक सापडेना. शेवटी रात्री जेवताना त्याच्या लक्षात आले : बूम लांबवली की पुढे फक्त पुडा जात नाही, बूमसुद्धा जाते! तीही ओझेच आहे. ते ओझे त्याने हिशेबात धरलेच नव्हते.

उचलण्याचे साधन स्वतःच ओझे असते, हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचले असते तर सुभाषित म्हणून सोडून दिले असते. त्या मुलाने ते ग्रॅम आणि सेंटिमीटरमध्ये शोधून काढले. खऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये लोडचा तक्ता असतो. कुठल्या अंतरावर किती टन, याचा. 'शंभर टनी' हा आकडा अगदी जवळच्या अंतराचा. बूम जसजशी लांब जाते तसतसे आकडे भराभर उतरतात, निम्म्याच्या हिशेबापेक्षाही वेगाने. ते का उतरतात, हे त्या दिवाळीत आमच्या घरात एकाला तरी पक्के कळले.

हा काही नवा शोध नाही. लिव्हरपूलमधल्या फ्रँक हॉर्नबी या कारकुनाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापून पूल आणि क्रेन बनवल्या. त्यातून १९०१ साली पेटंट आणि पुढे 'मेकॅनो' जन्माला आला. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले किर्क क्रिस्टियान्सेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. त्याच्या कारखान्याच्या आजच्या घडणीच्या विटेचे पेटंट १९५८ चे. १९७७ पासून त्या विटांना गिअर आणि दांड्यांची जोड मिळाली. रसायनशास्त्राचे १९९६ चे नोबेल मिळवणारे हॅरी क्रोटो यांनी आपल्या घडणीचे श्रेय मेकॅनोला दिले आणि प्लॅस्टिकच्या विटांनी त्याची जागा घेतली याचे दुःखही बोलून दाखवले. त्यांचे म्हणणे अगदीच डावलता येत नाही. नट किती आवळला की पुरे आणि किती आवळला की पेच जातो, ही बोटांची समज 'टक्' करून बसणाऱ्या विटेत येत नाही. पण क्रेन उलटायची तर ती दोन्हींत सारखीच उलटते.

माझी तक्रार विटांबद्दल नाही, खोक्याबद्दल आहे. आज क्रेनचे तयार संच मिळतात. २०१३ सालच्या एका लेगो संचात २,६०६ तुकडे होते. २०२३ च्या संचात २,८८३; तीन हजार टन उचलणाऱ्या एका खऱ्या जर्मन क्रेनची ती प्रतिकृती, आणि ती फोनवरून चालते. सोबत जाडजूड पुस्तिका. पान एक, दोन तुकडे जोडा. पान दोन, आणखी तीन जोडा. पुस्तिकेप्रमाणे करण्यात कमीपणा नाही. गाण्यातही गुरूची तान आधी घोटावीच लागते. पण तेवढ्यावर थांबून ती क्रेन काचेच्या कपाटात गेली तर मुलाने फक्त सांगितले ते केले. तिची रुंदी किती, चाक कुठले, बॅटरी वर की खाली, हे सगळे दुसऱ्याच कुणीतरी ठरवले. ती पडलीही दुसऱ्याच्या टेबलावर, आणि सावरलीही दुसऱ्यानेच. मुलाच्या वाट्याला आले ते बिनचूक उत्तर. म्हणून पालकांना माझे सांगणे एवढेच : तो संच एकदा पुस्तिकेप्रमाणे जोडू द्या, मग मोडू द्या आणि पुस्तिका लपवा.

येथे पैशांचा प्रश्न येतो, आणि तो खराच आहे. हे संच बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. पण तोल शिकायला महाग वीट लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात बसून आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांतून मुलांना काय काय करून दाखवले! पुठ्ठा, दोऱ्याचे रीळ, सुतळी आणि मागच्या बाजूला वाळूची पुरचुंडी एवढ्यावरही क्रेन उभी राहते आणि पडते. महत्त्वाचे काय, तर पडू देणे.

प्रतिकृतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बावीस पट लहान केलेल्या वस्तूचे वजन बावीस पटींनी नव्हे, बावीसच्या घनाने, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक कमी होते. ताकद मात्र फक्त वर्गाने घटते. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे मांडून ठेवले आहे. त्या हिशेबाने शंभर टनी क्रेनच्या प्रतिकृतीने नऊ किलोंहून अधिक उचलायला हवे. आमची प्लॅस्टिकची क्रेन अर्ध्या किलोशी थांबली. प्रतिकृती रूपाची असते, बळाची नव्हे. आणि दिवाणखान्यात वारा नसतो. ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केत वादळी वाऱ्यात एक प्रचंड क्रेन कोसळली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. काम बंद असताना तिची बूम खाली उतरवलेली नव्हती, असे चौकशीत पुढे आले. तेव्हा हुकाला ओझे नव्हते. उंच उभारलेली बूम आणि वारा एवढेच पुरले. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने काही न बोलता टेबलावरच्या क्रेनची बूम खाली घेतली. ती खेळण्यातली आहे, हे त्याला माहीत होते. तरी घेतली.

आता शेवट सांगतो, आणि तो वाचकांना कदाचित आवडणार नाही. त्या चार दिवसांमुळे भाच्याला विज्ञानात जास्त गुण पडले, असे काही झाले नाही. तो इंजिनिअर व्हायलाही निघालेला नाही; वाणिज्य शाखेत आहे आणि तेथे खूश आहे. खेळाची वकिली करताना आपण नेहमी पुढचा फायदा दाखवतो : खेळू द्या, म्हणजे शास्त्रज्ञ होईल. मला ही वकिली मान्य नाही. तिच्यामुळे तर खोकी माळ्यावर जातात. कारण शास्त्रज्ञ होण्याची चिन्हे दिसली नाहीत, की खेळ निकामी ठरतो. आपला हिशेब बरोबर असूनही जग ऐकत नाही, तेव्हा जगावर न चिडता 'मी काय धरायचे विसरलो?' असे विचारता येणे, हे कुठल्याही शाखेत लागते. संसारात तर फारच लागते.

ती क्रेन अजून ताईकडे आहे, कपाटावर, बूम खाली घेतलेली. तिच्या केबिनच्या काचेवर भाच्याने बोटभर कागद चिकटवला आहे. त्यावर बारीक अक्षरात तक्ता : २५ सेंमी, ५०० ग्रॅम. ५० सेंमी, २०० ग्रॅम. मग २०० वर काट मारून लिहिले आहे, १७५. मी ताईला विचारले, हे १७५ कधी केले? ती म्हणाली, "परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. मीच खोकं काढून दिलं होतं."