सिस्टरची सही आणि आपला माणूस

घरातल्या कुणाचे डोके बिघडले की शेजारीपाजारी दोनच सल्ले देतात. देवऋषाकडे न्या, नाहीतर ठाण्याला किंवा येरवड्याला टाकून या. बंधू-भगिनींनो, माणूस म्हणजे अडगळीचे सामान नव्हे.

वस्तीत आम्हाला विचारतात, "सिस्टरने सही केली की बळजबरीने भरती होते ना?" एकट्या सिस्टरच्या सहीवर होत नाही, आणि एकट्या डॉक्टरच्या सहीवरही होत नाही.

२९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू आहे. त्याचे कलम ८९ सांगते की, रुग्णाच्या प्रतिनिधीने अर्ज केला पाहिजे आणि दोघांनी त्याला वेगवेगळे तपासले पाहिजे. एक मनोविकारतज्ज्ञ हवा. दुसरा साधा डॉक्टर चालतो किंवा राज्य प्राधिकरणाकडे नोंद असलेली मानसिक आरोग्य परिचारिकाही चालते. म्हणजे सिस्टरला अधिकार आहे, तशी जबाबदारीही आहे. डॉक्टरांनी लिहिले त्याखाली नुसती सही करणे म्हणजे तपासणी नव्हे.

रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा स्वतःची काळजी घेणे जमत नसल्याने त्याला धोका असेल, तरच ही भरती करता येते. तीही जास्तीत जास्त ३० दिवस. बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर ३ दिवसांत, इतरांच्या बाबतीत ७ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. तेथे रुग्णालाही दाद मागता येते.

हे सारे कशासाठी? खोलीच्या वाटणीवरून भाऊ भावाला वेडा ठरवतो, नको झालेल्या बायकोला नवरा वेडी ठरवतो. अशा वेळी स्वतंत्रपणे तपासणारा दुसरा माणूस हाच त्या दुबळ्याचा आधार असतो. मात्र खरोखर आजारी माणसाला भीतीपोटी घरात बांधून ठेवणेही तितकेच वाईट. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. २८ जण गेले. आज कायद्याने साखळीला पूर्ण बंदी आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपला प्रतिनिधी कोण, हे शहाणपण शाबूत असतानाच साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा करून ठेवा. भरतीच्या वेळी दुसरी तपासणी कोणी केली, हे न घाबरता विचारा. सल्ल्यासाठी १४४१६ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.