करुणेचे वेळापत्रक

कुत्र्याविषयीच्या करुणेच्या ज्या कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहेत, त्यांतील करुणा एका क्षणात सिद्ध होते. कुत्र्याने भाकरी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराने सोबतच्या कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जाण्यास नकार दिला आणि त्या एका नकारासरशी परीक्षा संपली. दोन्हीकडे कुत्रा हे माणसाच्या कसोटीचे निमित्त आहे. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न कथेला पडत नाही. (युधिष्ठिराचा कुत्रा तर साक्षात धर्मच निघाला, तेव्हा त्याच्या प्रकृतीची चिंता मिटलीच.) रस्त्यावरचे आजारी जनावर प्रत्यक्षात उचलून आणले, की मात्र आठवडे मोजण्याचे काम सुरू होते, आणि त्या कामासाठी या कथा आपल्याला काहीच शिकवून ठेवत नाहीत, असे आमचे मत आहे.

निमित्त आमच्या वसाहतीत आणलेल्या एका कुत्रीचे. दातांवरून वय सात-आठ वर्षे, अंगावर गोचिडांचा थर, आणि मागच्या पायांजवळच्या स्तनग्रंथीत एक टणक गाठ. लगोलग दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, उद्याच्या उद्या कापून टाका. दुसऱ्याचे, आधी चार दिवस खाऊपिऊ घाला, अंग धरू द्या, मग बघू. पहिल्या पक्षाला भीतीची घाई होती आणि दुसऱ्याला दयेची सबब. गाठीविषयी मात्र दोघांनाही फारसे ठाऊक नव्हते.

माहीत असायला हवे ते थोडक्यात असे. नसबंदी न झालेल्या कुत्र्यांच्या माद्यांत आढळणाऱ्या गाठींमध्ये स्तनग्रंथींच्या गाठींचे प्रमाण सर्वाधिक असते. ग्रंथींच्या साधारणतः पाच जोड्या. त्यांपैकी मागच्या दोन जोड्यांत गाठी अधिक होतात. सुमारे निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात, आणि कोणती गाठ कोणत्या निम्म्यातली हे हाताला कळत नाही. हाताला कळतो तो आकार, आणि त्याला महत्त्व आहे. तीन सेंटिमीटरच्या आत काढलेल्या गाठीनंतरचे आयुष्य सामान्यतः बरे जाते. पाच सेंटिमीटर ओलांडले की चित्र पालटते. आपण मराठी माणसे मात्र गाठ सुपारीएवढी, लिंबाएवढी, नारळाएवढी अशा फळांच्या भाषेत सांगतो. ती चित्रदर्शी आहे खरी, पण तीन सेंटिमीटरची ती रेषा नेमकी सुपारी आणि लिंबू यांच्यामध्ये कुठेतरी पडते, आणि ‘सुपारीएवढीच तर आहे’ म्हणता म्हणता ती ओलांडली जाते. दहा रुपयांची मोजपट्टी या बाबतीत अधिक प्रामाणिक.

तर मग उद्याच का कापू नये? कारण गोचिडे रक्त पितात तेवढ्यावर थांबत नाहीत. त्यांच्यामार्फत शिरणाऱ्या एर्लिकियासारख्या जंतूंमुळे प्लेटलेट घसरतात, आणि अशा रक्तानिशी टेबलावर घेतलेले जनावर गाठीने नव्हे, रक्तस्रावाने जाऊ शकते. आमच्या या कुत्रीचे हिमोग्लोबिनही कमी होते आणि प्लेटलेटही. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केले. त्याचा पूर्ण क्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. पण शस्त्रक्रियेसाठी क्रम संपायची वाट पाहावी लागतेच असे नाही, प्लेटलेट सुरक्षित पातळीवर आल्या की पुरे. त्या बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच चढू लागतात. येथे थांबणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण त्याला हेतू आहे आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख आहे.

अशी आणखी एक-दोन कारणे आम्ही मान्य करू. मादी नुकतीच व्यालेली असेल, तर दुधाने भरलेल्या ग्रंथींत गाठीची हद्द नीट कळत नाही. दूध आटेपर्यंत काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. ती माजावर असेल तर गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि नसबंदीत रक्त अधिक जाते. पण म्हणून गाठही दोन-तीन महिने ठेवावी, हा तर्क आम्हांस पटत नाही. गाठ झपाट्याने वाढत असेल तर ती आधी काढता येते आणि नसबंदी मागाहून करता येते. दोन्ही एकाच भुलेत उरकण्याची सोय ही बहुतेकदा माणसाची सोय असते. ‘अंग धरू द्या’, ‘पावसाळा सरू द्या’, ‘कोणी दत्तक घेतले तर तेच बघतील’ ही तर कारणेच नव्हेत. ‘बघू’ या क्रियापदाला आपल्या भाषेत भविष्यकाळ असतो, तारीख नसते.

नसबंदीवरून एक आकडेवारी हमखास पुढे केली जाते. 1969 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या माजापूर्वी नसबंदी झालेल्या मादीत या गाठींचा धोका अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के आणि दोन वा अधिक माजांनंतर सव्वीस टक्के राहतो. हे प्रमाण नसबंदी न झालेल्या मादीच्या तुलनेतले. 2012 साली या विषयावरील संशोधनाचा साकल्याने आढावा घेणाऱ्यांनी हा पुरावा वाटतो तितका भक्कम नसल्याचे म्हटले. ते काहीही असो, आठ वर्षे रस्त्यावर काढलेल्या मादीच्या बाबतीत हे आकडे म्हणजे न घडलेला इतिहास आहे. गाठ झाल्यानंतर केलेल्या नसबंदीने आयुष्य वाढते काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गर्भाशयातील पू आणि पुढची बाळंतपणे टळतात, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते.

कापण्यापूर्वी छातीचे एक्स-रे घ्यावेत, एकाच बाजूने नव्हे. फुफ्फुसांत रोग पोहोचला असेल, तर पोटावरची गाठ काढून आयुष्य वाढेल अशी आशा धरता येत नाही. आणि सगळी ग्रंथीरांग लाल, गरम, सुजलेली, स्पर्शही सहन न होणारी असेल, तर तो दाहक प्रकारचा कर्करोग असू शकतो. त्यात सुरी लावू नये. तेथे वेदना शमविणे हाच उपचार. धावून जाण्याच्या करुणेला हे सर्वात जड जाते, कारण येथे वाटी घेऊन धावण्यासारखे काही उरत नाही.

आमच्या कुत्रीची गाठ पहिल्या दिवशी अडीच सेंटिमीटर भरली आणि दर रविवारी मोजली गेली. एक्स-रे स्वच्छ निघाले. तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट पुरेशा झाल्या आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. तोवर गाठ तीनच्या काठाला आली होती. काढलेली गाठ तपासणीला पाठवायची की नाही, यावरून वसाहतीत पुन्हा वाद झाला. निघाली ना एकदाची, मग आणखी खर्च कशाला, असे काहींचे म्हणणे. पण कडेपर्यंत सगळे निघाले काय, उरलेल्या ग्रंथींवर किती बारीक लक्ष ठेवायचे, पुढचा एक्स-रे केव्हा, हे त्या अहवालावाचून ठरत नाही. तपासणीचे पैसे आम्ही पहिल्याच वर्गणीतून बाजूला काढून ठेवले होते, म्हणून ती बरणी कचऱ्याच्या बादलीत न जाता प्रयोगशाळेत गेली.