एक दिवस पुण्याच्या पाण्यामागे

सुगी आटोपली की घरच्या माणसांना घेऊन एकदा पुण्याला जावे. मार्केट यार्डात माल उतरवायचा आणि संध्याकाळची एस. टी. धरायची, याला काही पुणे पाहणे म्हणत नाहीत. दशम्या बांधून घ्या आणि सकाळीच कसबा पेठ गाठा.

ही पुण्यातली फार जुनी वस्ती. उजाड झालेल्या या गावात जिजाऊंनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, असे सांगतात. म्हणजे एवढ्या मोठ्या शहराचा मुहूर्त आपल्या नांगरानेच झाला म्हणायचा! कसबा गणपतीचे दर्शन घ्या, लाल महाल पाहा. मात्र मूळ वाडा उरलेला नाही, हा नव्याने बांधलेला आहे.

पलीकडेच शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली त्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतले मजले जळाले. आता तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि बाग एवढेच दिसते. तिथले हजारी कारंजे पाहून मुले विचारतील, ‘वीज नव्हती, पंप नव्हता, मग पाणी उडायचे कसे?’

उत्तर कात्रजला आहे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तिथे ओढा अडवून तलाव बांधले. वरच्यात गाळ बसायचा. खालच्यातून निवळ पाणी जमिनीखालच्या दगडी नळात सुटायचे. कात्रज उंचावर, पुणे सखल. नळाला बेताचा उतार दिला, की पाणी आपसूक येते. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवलेले. हे पाणी वाड्यात गेले, तसे पेठांतल्या हौदांवर रयतेलाही मिळाले.

त्याचे मोल १९६१ साली कळले. १२ जुलैला पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठा पुरात बुडाल्या, घरचे नळ कोरडे पडले. तेव्हा जुन्या विहिरी आणि हौदच लोकांच्या कामी आले.

खालच्या तलावाशेजारी प्राणिसंग्रहालय आहे. ते बुधवारी बंद असते, तेवढे ध्यानात ठेवा. परतताना सारसबागेत जरा टेका. पूर्वी इथे तळे होते, म्हणून इथला तो ‘तळ्यातला गणपती’.

आणि घरी आल्यावर आपल्या गावची बारव, जुना बंधारा पाहून या. गाळाने भरला असेल, तर नव्या बोअरचा खर्च काढण्याआधी चार घरांनी मिळून तो गाळ काढा. निघालेला गाळ हलक्या रानात पसरला, तर तोही वाया जात नाही. पूर्वजांनी पाणी साठवून ठेवले; ते राखणे आपल्याकडे आहे.